फळीवरचा पेला

रशीदानं पेल्याला नुसता हात लावला होता, अजून उचललाही नव्हता, तोच शरीफुन्निसा आपा ओरडली, "वो नहीं! कितनी बार बोला, वो प्रिया आंटी का है. अलग रखा है ना!" रशीदा नुकतीच शाळेतून आली होती, गळ्यातला टाय तसाच, तोंड उन्हानं लाल झालेलं. "सॉरी अम्मी, सॉरी," म्हणत ती मागं सरली, रॅकमधला नेहमीचा काचेचा ग्लास घेतला, कॅनमधलं पाणी गटागटा प्यायली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. एवढंच. काही फुटलं नाही, कुणी रडलं नाही. मी, म्हणजे ती प्रिया आंटी, ओट्याजवळच्या स्टुलावर माझ्या तान्ह्या लेकीला, मैत्रीला, मांडीवर घेऊन बसले होते आणि मैत्री माझी बांगडी तोंडात घालायच्या खटपटीत होती. आपानं तो पेला ओढणीच्या स्वच्छ टोकानं पुसून परत वर ठेवला, आणि मी पहिल्यांदा ती फळी नीट पाहिली. खिडकीच्या वर, बाकीच्या भांड्यांपासून दूर. तिच्यावर पांढरं फडकं अंथरलेलं. त्यावर स्टीलचा पेला, ताटली, चमचा, छोटं पातेलं, आणि नव्यानं आलेली एक वाटी. इवलीशी, मैत्रीच्या मापाची. सगळं घासून लख्ख. मला त्या लख्खपणाचीच भीती वाटली.

मैत्रीची झोपेची वेळ झाली असं काहीतरी बोलून मी उठले. आपा म्हणाली, "बैठ ना, चाय चढ़ाई है." मी नको म्हटलं. कॉरिडॉर ओलांडून आमच्या दाराशी आले. घरात शिरून एसी लावला, मैत्रीला गादीवर ठेवलं, आणि उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली बहारीनमधल्या आमच्या झिंज भागाची गल्ली नेहमीसारखी होती, कोल्ड स्टोअरवाला किराणा दुकानाच्या दारात पाणी शिंपडत होता, एक बाई काळा अबाया सावरत टॅक्सीतून उतरत होती. शनिवारी माझी नोकरी पुन्हा सुरू होणार होती. मनामातल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये मी रिसेप्शन सांभाळायची. बाळंतपणाची लीव्ह हातापाया पडून वाढवून घेतली होती, आता ती आणखी ताणणार नव्हती. माझा नवरा प्रज्योत शुक्रवारच्या विमानानं गावी चालला होता. आधी ठरलं होतं की जाताना तो मैत्रीला नेईल आणि फलटणला माझ्या आईकडे ठेवेल, शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत. इथले कितीतरी जण ठेवतात. अल्बममधल्या फोटोत मुलं मोठी होतात आणि विमानतळावर आईला ओळखत नाहीत. मग एके दिवशी आपाला हे कळलं आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पागल हुई है? दूध पीती बच्ची को समुंदर पार भेजेगी? तो मैं किस लिए बैठी हूँ?" आणि सगळं सोपं झालं होतं. मी सकाळी मैत्रीला समोरच्या दारात द्यायची, दुपारी परत घ्यायची. मी तेव्हा घरात येऊन बाथरूमचं दार लावून रडले होते, सुखानं. आणि आता ती वाटी. स्वतःपुरतं असतं तर मी सोसलं असतं. माणूस मोठं झालं की पाहून न पाहिल्यासारखं करता येतं, हसून पाणी पिता येतं. पण मैत्री रोज त्या घरात जाणार, आपल्या वाटीतून खाणार, आणि बोलता यायच्या आधीच तिला कळणार की ही वाटी आपली आणि त्या वाट्या त्यांच्या. ते तिला कुणी शिकवावं लागणार नाही. दूध गार की कोमट हे जसं जिभेला कळतं तसं कळेल.

मला चांगल्या भांड्याची भीती आहे. फुटक्या कपाची नाही, फुटका कप निदान खरं बोलतो. दहावीच्या वर्षी मी मृणालीकडे गणितं सोडवायला जायचे, फलटणच्या गावातल्या बाजूला, जिथं आमच्या वस्तीतून सायकलनं जाताना चढ लागायचा. मृणालीची आई मला चहा द्यायची तो गुलाबाच्या कपातून. त्यांचे स्वतःचे कप साधे, पांढरे, काठ उडालेले. माझा मात्र पातळ चिनी मातीचा, सोनेरी कड असलेला, बशीसकट. मला किती मान वाटायचा! घरी येऊन मी आईला सांगितलं. आई शेगडीपुढं बसली होती. ती म्हणाली, "बरं. मग कप ठेवला कुठं त्यांनी?" मी म्हटलं, ठेवला असेल की, धुऊन. "तसं नव्हं. कुठल्या फडताळात? आतल्या का भाईरल्या? त्ये बघून ये उद्या." मला आईचा एवढा राग आला की मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. कप न्हाणीघराच्या खिडकीत होता, साबणाच्या वडीशेजारी, एकटा, अगदी स्वच्छ धुतलेला. आईला मी काहीच सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. मृणालीकडे जाणं मात्र मी बंद केलं नाही. परीक्षेपर्यंत त्याच कपातून चहा पीत राहिले, आणि प्रत्येक घोटाला खिडकीतली ती साबणाची वडी जिभेवर यायची. गणितात मला चांगले मार्क पडले. नंतर पुण्याला हॉस्टेलमध्ये, नोकरीत, लग्नानंतर बहारीनला, जिथं जिथं कुणी मला पाणी दिलं तिथं तिथं माझे डोळे आधी रिकाम्या पेल्याच्या मागं मागं जायचे. ही सवय इथं येऊन सुटली होती. खरंच सुटली होती. इथं आम्ही सगळेच परके. सगळ्यांच्याच खिशात तेच रेसिडेन्स कार्ड. आमचं मागचं कोण पाहणार इथं, असं मला वाटायला लागलं होतं, आणि ते वाटायला लावणाऱ्या माणसांत पहिली शरीफुन्निसा आपाच.

सलमानिया हॉस्पिटलमधून मैत्रीला घेऊन घरी आले तेव्हा टाके दुखत होते, प्रज्योत शिफ्टवर गेला होता आणि मला दूध येत नव्हतं. दारावर थाप पडली. ही उभी, हातात डबा. "पंजीरी है. नए बर्तन में बनाई है, बेफिकर होके खा." नव्या भांड्यात का, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. भाजलेली कणीक, तूप, बदाम, डिंक. आईच्या डिंकलाडवाची लांबची बहीण. मी रडत रडत खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत मैत्रीच्या ओठांच्या कडेनं दूध ओघळायला लागलं. तेव्हापासून दुपारी मी तिच्याकडे. एसीच्या घरघरीत ती मैत्रीला तेल लावायची आणि तोंडानं आपलं गाव चालवायची. मालेरकोटला. संगरूर जिल्ह्यातलं एवढंसं शहर, पंजाबात, पण बहुतेक वस्ती मुसलमानांची. ते कसं राहिलं हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की मला आता तिथल्या गल्ल्यांतून डोळे मिटून फिरता येईल. मोती बाजारातून जायचं, डावीकडं वळलं की तिचा मोहल्ला, घराघरात लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं आणि त्यावर वाकलेली माणसं, सोनेरी तारेनं फौजींचे बिल्ले भरणारी. तिचे मियाँ जमालुद्दीनभाई तेच काम शिकून इथं आले, बाजारातल्या एका दुकानात बसून बिल्ले भरतात आणि उरलेलं घरी आणतात. "दुनिया भर के जरनैल हमारे कोटले के सितारे कंधे पे लगा के घूमते हैं," आपा म्हणायची, "और हमारे मियाँ को सलाम कोई नहीं करता, मैं भी नहीं." गावाबाहेर भाजीचे मळे, कोबी एवढाले की बायका कडेवर घेतात. बाबा हैदर शेखच्या दर्ग्यावर जेठात जत्रा भरते, तिथं खेड्यापाड्यातून शीख येतात, हिंदू येतात, ढोल वाजवत, नवस फेडायला मातीचे घोडे वाहतात. गावातले मुसलमान म्हणे तेवढे जात नाहीत, गर्दीला वैतागतात. कुणाकडं निकाह असला की दोन भट्ट्या लागायच्या, एक आपल्यासाठी आणि एक लांब, तंबूच्या पार पलीकडे, हिंदू आणि जैन पाहुण्यांसाठी. तिथला आचारीही त्यांच्यातलाच बोलवायचा. हे ती हसत सांगायची. मीही हसत ऐकायची.

आणि सत्तेचाळीस. ते सांगताना ती तेलाचा हात थांबवायची. आजूबाजूला सगळा पंजाब पेटलेला, पतियाळ्याकडून माणसांचे तांडे निघालेले, तिची आई त्यात होती, परकर घातलेली पोर. पण मालेरकोटल्याच्या हद्दीत पाय पडला की मागचे थांबायचे. कुणी आत आलं नाही. कारण त्याहून कितीतरी आधी, गुरू गोबिंदसिंगांच्या दोन लहान मुलांना सरहिंदच्या सुभेदारानं भिंतीत चिणायचा हुकूम दिला, तेव्हा भर दरबारात मालेरकोटल्याचा नवाब उठून म्हणाला होता की हे पाप आहे, लेकरांनी काय केलंय. "बच्चे तो नहीं बचे, प्रिया. पर वो खड़ा तो हुआ. सिखों ने याद रखा." मुलं वाचली नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात राहायचं. मी मैत्रीच्या तेलकट पायांकडे बघायची. मग आपा पुन्हा तेल चोळायला लागायची आणि विषय बदलायची, "ले, देख, तेरी बेटी ने फिर मेरी कमीज़ भिगो दी, इसको मालेरकोटला पसंद नहीं आया."

त्या दिवशी संध्याकाळी प्रज्योत आला तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं. त्यानं बूट काढले, मैत्रीला घेतलं, तिच्या पोटात तोंड घालून फुर्र केलं, मग म्हणाला, "बघ, असेल दुसरं काही."

"काय असेल?"

"मला काय माहीत? विचार ना तिला."

"काय विचारू? माझा पेला वेगळा का ठेवला म्हणून विचारू? आणि ती सांगेल का खरं?"

"सरळ विचार. आपण इतकं शिकलो ते काय मनातल्या मनात भांडायला?"

"तुला नाही कळणार. तू मुंबईत वाढलास."

"हां, चाळीत तर आम्हाला सोन्याच्या ग्लासातून पाणी द्यायचे," प्रज्योत म्हणाला. आम्ही दोघंही जरा हसलो, पण ते हसणं पुढं सरकलं नाही. हॉलमध्ये कोपऱ्यात बुद्धमूर्ती होती, मिटलेल्या डोळ्यांची, तिच्यापुढं सकाळची मेणबत्ती अर्धी वितळलेली. शेजारी बाबासाहेबांचा फोटो. मैत्री त्या दोघांकडे बघून नेहमी एकाच प्रकारचं हसते. प्रज्योत म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत एअरलाइनचं ऑफिस उघडं आहे. मग खलास, शुक्रवारची सुट्टी. न्यायचं असेल तर तिचं तिकीट उद्याच काढावं लागेल." मी म्हटलं, "काढ." त्यानं मैत्रीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, "आईकडे तिची वाटी आतल्याच फडताळात असेल." मग मी बाटली उकळली, पावडरचं दूध कालवलं आणि मैत्रीला द्यायला बसले, म्हणजे तिला सवय होईल. तिनं निप्पल जिभेनं ढकललं. पुन्हा ढकललं. मग माझ्याकडं बघितलं, चिडून नाही, नुसतंच, मी काहीतरी विसरलेय आणि आता मला आठवेल अशा भरवशानं, आणि हात माझ्या ब्लाउजकडं नेला. मी बाटली खाली ठेवली. छाती दगडासारखी झाली होती. तिला पाजताना मी विचार करत होते की फलटणच्या घरात पहिल्या दिवशी ती हात कुठं नेईल.

गुरुवारी सकाळी प्रज्योत निघाल्यावर मी आपाकडं गेले. निदान सांगून यावं, न सांगता पोर पळवली असं होऊ नये. वाक्य तयार केलं होतं: आईची फार इच्छा आहे, म्हणून मैत्रीला पाठवतोय. गुरुवारी शाळेला सुट्टी, दार रशीदानं उघडलं आणि ती आत ओरडली, "अम्मी, आंटी आई हैं!" आतून धावपळीचा आवाज आला. मी हॉलमध्ये पाऊल टाकलं तर जमालुद्दीनभाई, जे गुरुवारी उशिरा कामाला जातात, जमिनीवर बसून जेवत होते, आणि मला पाहताच त्यांनी शेजारचं वर्तमानपत्र घाईनं आपल्या ताटावर पालथं घातलं. ताट उचलून ते बाल्कनीकडं निघाले. लुंगी एका हातात, ताट दुसऱ्या हातात. म्हणजे आता आमच्या सावलीलाही.  तयार केलेलं वाक्य कुठं गेलं कळलंच नाही. मी म्हटलं, "भाईसाब, मेरे आने से खाना खराब होता है क्या?"

ते थांबले. बायकोकडं पाहिलं. आपा हात पुसत बाहेर आली होती.

"माफ करना बहनजी," ते गडबडून म्हणाले, "गोश्त है. शलगम गोश्त. आपके सामने अच्छा नहीं लगता."

"क्यों नहीं लगता?"

"आप लोग नहीं खाते ना."

"कौन नहीं खाता?"

"तुम," आपा म्हणाली. "तुम लोग."

मी तिच्याकडं बघत राहिले. मैत्री माझ्या कडेवरून वर्तमानपत्राच्या दिशेनं झेपावत होती. "आपा, हम तो सब खाते हैं," मी म्हटलं. "मटन, मछली, मुंडी, पाया. प्रज्योत को तो कलेजी के बिना फ्रायडे नहीं होता."

बाल्कनीच्या दारात जमालुद्दीनभाईंच्या हातातलं ताट वाकडं झालं. आपा मटकन सोफ्यावर बसली. "हाय अल्ला," ती म्हणाली. "फिर वो? वो जो बैठे हैं तुम्हारे घर में? आँखें बंद करके, पालथी मार के?"

"बुद्ध?"

"हमारे मोहल्ले में सत्यवती चाची के घर कैलेंडर पे बिल्कुल ऐसे ही बैठे रहते थे! जैन थी वो. मैंने पहले दिन देखा और इनको बोला, जमाल, सामने जैन लोग आए हैं, ध्यान रखना. फिर तू प्याज खाती दिखी, लहसुन खाती दिखी. मैंने कहा बम्बई साइड के होंगे, थोड़े ढीले."

मला हसू फुटलं ते आवरेना. ते हसू नव्हतंच नुसतं, पोटातून काहीतरी सुटत होतं. "और ये मच्छी की बास, कॉरिडॉर में?" आपानं विचारलं. "मैं बेचारे केरला वालों को कोसती रही!" मी सांगितलं, त्यातली अर्धी आमची. जिदहफ्सच्या बाजारातून प्रज्योत सुरमई आणतो. मग तू मला कधी का पाठवली नाहीस, तिनं विचारलं. मी सांगितलं, हलाल-बिलालचं मला काही कळत नाही, तुमचं काही मोडेल म्हणून मी आपली पुरणपोळी आणि साबुदाणा पाठवत राहिले. जमालुद्दीनभाई परत येऊन बसले, ताटावरचा कागद काढला. "बहनजी, जब से आप आईं, इसने मुझे धूप में बाल्कनी में बिठा के गोश्त खिलाया है. यहाँ की धूप! मैं काला हो गया." "पहले कौन से गोरे थे," आपा म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं. तिच्या आईच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर सत्यवती चाचीसाठी एक पेला, एक ताटली असायची, राखेनं घासलेली, मांसाच्या भांड्यांना कधी न लागलेली. बाकीचे जैन मुसलमानांकडं पाणीही प्यायचे नाहीत. पण चाची यायची, दुपारी, भिंतीतल्या खिडकीतून हाक मारून, आणि त्या पेल्यातून पाणी प्यायची, शेवया खायची, आईशी पत्ते खेळायची. भांडी बाटली असती तर ती आली नसती, म्हणून घरातल्या पोरांनी त्या फळीला हात लावला की फटका बसायचा. "कल रशीदा कबाब खा के आई थी, वही हाथ ले के तेरा पेला उठाने लगी. मैंने सोचा, लो, प्रिया कल से नहीं आएगी."

हे सगळं ऐकताना मला हलकं वाटत होतं आणि तरी आत कुठंतरी एक टाका तसाच होता. हसून निघून जाता आलं असतं. पण मैत्रीला रोज इथं ठेवायचं होतं. मी म्हटलं, "आपा, मुझे लगा हमको अलग रखा." ती म्हणाली, "हां, अलग ही तो रखा." तिला कळलं नव्हतं. मग मी तिला सांगितलं. हिंदीत ते सांगायला मला शब्द सापडत नव्हते, म्हणून मी गुलाबाच्या कपाचं सांगितलं, न्हाणीघराच्या खिडकीचं, आईनं विचारलं होतं त्याचं, आणि आम्ही बौद्ध का झालो त्याचं. आमच्या आज्या-पणज्यांना पाणी वरून ओतायचे हेही. बोलताना मी तिच्याकडं पाहत नव्हते. जमालुद्दीनभाईंच्या लाकडी चौकटीवर एक बिल्ला अर्धा भरलेला होता, सिंहाचं नुसतं डोकं, त्याच्याकडं पाहत होते. हे मी आजवर कुणा शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जी एक क्षणभराची जुळवाजुळव होते, ती मला नको असते.

आपानं ताटावरून काढलेल्या कागदाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "मैं झूठ नहीं बोलूँगी तुझसे. हमारे घर एक औरत आती थी सफाई को. उसका कटोरा बाहर रहता था, ड्योढ़ी के आले में. माँ ऊपर से डालती थी पानी. चाची का पेला ऊपर, उसका कटोरा बाहर. एक ही घर में." ती थांबली. "मुझे उसका नाम भी नहीं मालूम, प्रिया. इतना कोटला-कोटला करती हूँ तेरे सामने. उसका कभी बताया?"

तिनं हे सांगायला नको होतं. कुणी विचारलंही नव्हतं. नवाब उठला, चाची खिडकीतून आली, एवढं गाव माझ्यासाठी पुरेसं होतं. ड्योढीतला, दाराबाहेरच्या कोनाड्यातला तो कटोरा तिनं स्वतः होऊन काढून माझ्यापुढं ठेवला, आणि गंमत म्हणजे नेमक्या त्यानंच माझा तो उरलेला टाका सुटला. मृणालीची आई मला मरेपर्यंत म्हणाली असती की अगं, तो कप पाहुण्यांचा. मी म्हटलं, "वो औरत हमारी ही कोई होगी." "होगी," आपा म्हणाली, आणि डोळे पुसून उठली. आत जाऊन तिनं फळीवरचं सगळं फडक्यासकट गोळा करून खाली आणलं, सिंकमधल्या मांसाच्या पातेल्यात धाडकन टाकलं. "यल्ला, खलास! मेरे तो हाथ घिस गए तेरे बर्तन चमकाते-चमकाते." तो आवाज ऐकून मला एकदम चुटपुट लागली. इतक्या निगुतीनं माझ्यासाठी कुणी काही सांभाळलं नव्हतं, आणि मला ते मोडल्यावर कळत होतं. पण ती तोवर माझ्यापुढं बसली होती, मियाँच्याच ताटात खुबूसची अरबी रोटी तोडून. "खा. मिर्ची कम है, तुम लोगों जैसी नहीं." शलगम गोडसर होतं, मांस बोटानं सुटत होतं. मी खाल्लं. मग मला आठवलं.

"आपा, टिकट! फोन कहाँ है?"

प्रज्योतच्या वर्कशॉपमध्ये फोन दत्तारामनं उचलला, त्यांचा ड्रायव्हर, चिपळूणकडचा. "वयनी, तो मगाशीच गेला की एअरलाइनला. मीच सोडला त्याला. काय झाला? पोर बरी हाय ना?" पोर बरी होती. पोर आपाच्या मांडीवर बसून खुबूसचा तुकडा हिरड्यांनी रगडत होती. एअरलाइनचा नंबर लागेना. काढलेलं तिकीट रद्द होईल, न जाता वाया जाईल, काहीही होईल, एवढं काही नव्हतं. तरी मी घरात येऊन दाराशी उभी राहिले, जणू तो तिकीट घेऊन आला की पाठोपाठ कुणी मैत्रीला न्यायला येईल. तो आला तो घामानं भिजून. खिशातून पाकीट काढलं. आत एकच तिकीट होतं, त्याचं, जुनंच.

"तिचं?"

"रांगेत उभा राहिलो," तो म्हणाला. "नंबर आला. काउंटरवरचा म्हणाला, यस सर. आणि मी बाहेर येऊन पेप्सी प्यायलो." तो बूट न काढताच खाली बसला. "पुन्हा रांगेत उभं राहायला गेलो तर शटर अर्धं ओढलेलं. म्हटलं, आता घरी जाऊन तुझ्या शिव्या खाऊ."

मी त्याला शिव्या दिल्या, भरपूर, त्याचं डोकं पोटाशी धरून.

शुक्रवारी तो गेला. शनिवारी मी मैत्रीला समोरच्या दारात दिलं. ती रशीदाच्या वेणीच्या रिबिनीला लोंबकळली आणि तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. क्लिनिकमध्ये माझी खुर्ची कुणीतरी खाली करून ठेवली होती, ती वर घेतली. फोन वाजत होते. एक म्हातारे बहारीनी गृहस्थ रांग सोडून पुढं आले आणि इंशाल्ला म्हणत तिथंच बसून राहिले, एका पोरीच्या नाकात मणी अडकला होता, डॉक्टरांना ऐकू जात नव्हतं, एसी गळत होता. मी कुणाला बसवत होते, कुणाला उठवत होते. काचेतून बाहेरचं ऊन पांढरं होत गेलेलं मला दिसलंही नाही. मग नर्स सत्यभामा चहाचा कप माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "बेबी कैसी है?" आणि मी विचारलं, "कौन सी? मणी वाली?" ती माझ्याकडं बघायला लागली. तेव्हा कुठं मला माझ्या ब्लाउजच्या दोन्ही बाजू ओल्या लागल्या, कोमट, आणि मी पदर पुढं घेत तिला म्हटलं, "अच्छी है," आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.